दुसऱ्यांदा विचारलेलं ‘कीफ हालक’

सुधाताई, गुडघा काय म्हणतोय? मोहनराव, शुगर आटोक्यात आहे ना? पिंकी, बाळाला दात आले का गं? ग्रुपवर एकेकाला नावाने विचारतोय, कारण आज डोकं जाम तापलंय...

मंगळवारी इथे अमेरिकेत, कोलंबस शहरातल्या हॉस्पिटलात तुमच्या काकूची अँजिओप्लास्टी होती. तिला आत नेलं आणि मी बाहेर कॉरिडॉरमध्ये बसलो. येणारा-जाणारा प्रत्येक जण हसून विचारत होता, ‘हाऊ आर यू टुडे?’

मला वाटलं, माणसं किती मायाळू. एका बाईंना खरं सांगायला लागलो... ‘नॉट गुड मॅडम, माय वाइफ...’ मान वर केली तर बाई लिफ्टमध्ये! मी आपला भिंतीशी बोलतोय.

आमचा निखिल लॅपटॉपमधून मान न काढता म्हणाला, “बाबा, त्याला उत्तर द्यायचं नसतं. फाइन म्हणायचं, दॅट्स इट.”

अरे, तुझी आई आत टेबलावर आणि मी फाइन? उत्तर नको तर विचारता कशाला? नुसता हात हलवा ना! तळपायाची आग मस्तकात गेली माझी.

तेवढ्यात अबू हसनचा फोन. हे आमचे शेजारी, इराकी गृहस्थ, रोजचे वॉकचे सोबती. मुलगा हसन म्हणून अबू हसन... आपल्याकडे ‘बंड्याचे बाबा’ म्हणतात तसं. त्यांच्या नादाने मी मोडकंतोडकं अरबी शिकलो. त्यांच्यात ‘सबाह अल-खैर’, सकाळ चांगली जावो, म्हटलं की समोरच्याने ‘सबाह अन-नूर’ म्हणायचं, सकाळ उजेडाची जावो. मिळालं त्याहून थोडं जास्तच परत करायचं.

“कीफ हालक?” त्यांनी विचारलं. कसे आहात? त्यांनी शिकवल्याप्रमाणे मी ‘अल्हम्दुलिल्लाह’ म्हणालो, देवाची कृपा. तेही तसं त्यांचं ‘फाइन’च की! पण ते तिथे थांबत नाहीत. मुलगा कसा आहे, नात कशी आहे, जेवलात का... आणि फिरून पुन्हा, हळूच, “कीफ हालक?”

दुसऱ्यांदा विचारल्यावर मात्र मला खोटं बोलवेना. “भीती वाटतेय हो,” चक्क मराठीतच निघालं तोंडातून. त्यांना काय कळलं देव जाणे... पण फोन ठेवला नाही. नर्स येऊन ‘शी इज ओके’ म्हणेपर्यंत फोन दोघांच्याही कानाला.

काकू घरी आलीय, बिनमिठाच्या वरणावर चिडतेय. माझा राग मात्र उतरलेला नाही. कारण आपल्या ग्रुपवर तुम्हीसुद्धा ‘काका, हाऊ आर यू?’ टाकता आणि मी चार ओळी लिहीपर्यंत पुढचा विनोद येऊन पडतो!

म्हणून फिरून विचारतोय... सुधाताई, मोहनराव, पिंकी, कसे आहात? लवकर लिहा. नुसता अंगठा पाठवलात तर याद राखा.