दाजींचा अर्ज दाजींच्याच हाती

बातमी आली तेव्हा मी बारामतीच्या मंडईत भेंडीचा भाव करत होते. लासुर्ण्याहून आलेला आक्काचा चुलतदीर मागून म्हणाला, "मास्तरीणबाई, दाजी गेलं." भेंडीवालीनं सांगितले तेवढे पैसे मी निमूट ठेवले आणि भेंडी न घेताच निघाले. पहिल्याच बोलीला मान डोलावली म्हणून दाजींनी मला चांगलं फैलावर घेतलं असतं...

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे यजमान. इंदापूर तालुक्यातल्या एका साखर कारखान्यात मिस्त्री आणि तिथल्या कामगार संघाचे पुढारी. लासुर्ण्यात दोन एकर मळा होता, तो सगळा आक्का बघायची. दाजी न्हाव्याशीसुद्धा घासाघीस करायचे, आणि दाढी झाल्यावर ठरल्यापेक्षा जास्तच द्यायचे. असला विक्षिप्त माणूस, पण मला फार आवडायचा.

पस्तीस सालच्या उन्हाळ्यात शाळेला सुट्टी लागली म्हणून मी आक्काकडे गेले आणि थेट संघाची कारकून झाले, कारण माझं अक्षर वळणदार. दाजी येरझाऱ्या घालत सांगायचे, मी लिहायची. सात आण्यांचा रोज नऊ आण्यांचा व्हावा, अशी मागणी. मॅनेजर म्हणाले, साखरेचा भाव पडलाय, मजुरी वाढवली तर माणसं कमी करावी लागतील. त्यावर दाजी म्हणाले, "सायेब, पोटभर जेवल्याला गडी दोघांचं काम करतोय. कमी कशाला करताय?" तीन आठवडे बोलणी चालली. दाजी खिशातले फुटाणे खात बसायचे, साहेब घाम पुसायचे. शेवटी साडेआठ आण्यांवर तडजोड झाली. हलगी लावून दाजींना घरापर्यंत आणलं, आणि पारावर बसून त्यांनी ते पोटभर जेवलेल्या गड्याचं उत्तर गावाला तीनदा ऐकवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी भागूबाई माझ्याकडे आली. आक्काचा कांदा काढायला दहा बाया यायच्या, त्यांची ही म्होरकी. "आमालाबी कागद लिवून द्या. मिस्त्रींचा हाय, तसाच." मी तरी काय करणार? जुना मसुदा पुढं घेतला, 'कारखाना' होता तिथं 'मळा' घातला, सातच्या जागी दोन, नऊच्या जागी तीन. 'आमच्या घामावर' तेवढं तसंच ठेवलं.

दाजींनी कागद वाचला आणि माझ्याकडं असं पाहिलं, की मी गुपचूप चुलीपाशी जाऊन बसले. पण प्रकरण हसण्यावारी नेण्यासारखं नव्हतं. तीन आणे मिळेपर्यंत बाया कांद्याला हात लावणार नव्हत्या. काढणीला आलेल्या कांद्याच्या पाती माना टाकून पडल्या होत्या आणि रोज दुपारी आभाळ भरून यायचं. एक वळीव कोसळला असता तर वर्षाची कमाई मातीतच सडली असती. दुसरे मजूर आणावेत, तर या दहाही जणी संघातल्याच गड्यांच्या बायका. त्यांच्या जागी माणसं आणणं म्हणजे संप फोडणं, आणि तसं करणाऱ्यांना दाजींनी जन्मभर शिव्या घातलेल्या.

ते तरातरा मळ्यात गेले, मीही मागोमाग. बाया बांधावर बसल्या होत्या. "अगं, कांद्याचा भाव पडलाय," दाजी म्हणाले. "मजुरी वाढवली तर बाया कमी कराव्या लागतील!" बोलून गेले आणि त्यांनी जीभ चावली.

भागूबाई शांतपणे म्हणाली, "मिस्त्री, पोटभर जेवल्याली बाई दोघींचं काम करती. कमी कशाला करताय?"

"ह्यो काय कारखाना हाय व्हय? घरचा मळा हाय. इचार तुझ्या मालकिणीला!"

मालकीण बायांच्या मधोमध पदर खोचून बसली होती. "अवं, भागीला दोन आणं तरी मिळत्यात," आक्का म्हणाली. "मी चवदा वर्सं राबती. मला काय देता?"

दाजी मटकन ढेकळावर बसले. त्या क्षणी ते चिडले असते तर त्या घरातलं काहीतरी कायमचं बिघडलं असतं, असं मला आजही वाटतं. पण ते हसत सुटले. तीन आणे कबूल केले, बायांना आणि आक्कालाही. तीन दिवसांत कांदा घरात आला.

मग शिवारभर बायांनी तीन आणे मागितले. बागाईतदारांनी दाजींशी बोलणं टाकलं. एकानं तर पुढच्या साली कांदा सोडून ऊसच लावला आणि चार बायांचं काम गेलं. मॅनेजर अगदीच खोटं बोलत नव्हते, हे दाजींच्या फार जिव्हारी लागलं. त्या चौघींना त्यांनी आपल्या मळ्यात घेतलं आणि त्यासाठी स्वतः कारखान्यात जादा पाळ्या केल्या. "सायबाकडनं मी दोनातला दीड आणा काढला, भागीनं माझ्याकडनं मागितला तेवढा सगळा," ते म्हणायचे. "आता सांगा मास्तरीणबाई, पुढारी कोण?"

आक्काचा पगार मात्र दर बाजाराच्या दिवशी, सोप्यात समोर बसवून. ती दोनदा मोजायची आणि वाढ मागायची. दाजी साहेबी आवाजात "परवडत न्हाय" म्हणायचे. चार वर्षं हे चाललं, आणि दोघंही दर खेपेला तितकीच हसायची.

तेराव्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी मी आक्काकडेच होते. आक्का मळ्यात गेली नाही, सोप्यात बसून राहिली. मला बघवेना. आठवड्याचे अठरा आणे मी तिच्यापुढं ठेवले. तिनं ते हळूच माझ्याकडं सरकवले.

"तू कशाला देतीस? साडेतीन आण्याचं बगू म्हनलं हुतं त्यांनी... आमची बोलणी आजून मिटल्याली न्हाईत."