भाऊरावांच्या रेडिएटरमधला चिखल

भाऊराव शेंडे मूळचे भंडाऱ्याचे. केंद्र सरकारच्या एका खात्यात कारकून म्हणून दिल्लीला आले, सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झाले आणि रोहिणीतल्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमध्ये इथलेच होऊन गेले. पेन्शन सुरू झाली की लोक मॉर्निंग वॉक सुरू करतात. भाऊरावांनी पानिपत सुरू केलं.

त्यांचा जुना मित्र धम्मपाल पानिपतला पोस्टात होता. तिथल्या चादरी-गालिच्यांच्या कारखान्यांत राबणाऱ्यांची मुलंमुली सरकारी भरतीच्या परीक्षांना बसायची, पण क्लासची फी कुणालाच झेपायची नाही. धम्मपालनं एक रिकामा हॉल मिळवला आणि भाऊरावांना फोन केला, "गणित आणि इंग्रजी तू घे. बाकीचं मी बघतो."

तेव्हापासून सहा वर्षं दर रविवारी सकाळी सहाला भाऊराव आपली दोन हजार बाराची पेट्रोल गाडी काढत आणि साडेसातला फळ्यासमोर उभे राहत. गाडी जुनी झाली होती. दिल्लीच्या पंधरा वर्षांच्या नियमानं तिला फार तर आणखी दोन वर्षं उरली होती. तरी ती थांबली म्हणून क्लास बुडाला, असं एकदाही झालं नव्हतं.

एप्रिलमध्ये एकदा बॉनेट उघडलं तेव्हा इंजिन गार ठेवणाऱ्या कूलंटच्या डबीतली पातळी खाली गेलेली दिसली. आतलं पाणी लालसर होतं. कोपऱ्यावरच्या दुकानात हिरव्या कूलंटची बाटली मिळाली. "सब एक ही है," दुकानदार म्हणाला. भाऊरावांनी ती ओतली, वर बोअरवेलचं पाणी घालून डबी काठोकाठ भरली आणि हात झटकून मोकळे झाले.

मे महिन्यातल्या एका रविवारी वाटेतल्या मुरथळच्या अलीकडे गाडीच्या तापमानाचा काटा वर चढायला लागला. बघता बघता तो लाल रेघेला टेकला आणि बॉनेटच्या फटीतून वाफ आली. भाऊरावांनी गाडी कडेला घेतली. पुढच्या रविवारी मुलांची परीक्षा होती, हा शेवटचा क्लास. त्या घाईत त्यांनी टॉवेल हाताला गुंडाळला आणि ते रेडिएटरचं झाकण फिरवायला वाकले.

"बाबूजी! हाथ मत लगाओ!"

पलीकडे टँकर लावून चहा पीत बसलेला एक ड्रायव्हर कप तसाच ठेवून धावत आला. त्यानं भाऊरावांचा हात धरून त्यांना मागेच ओढलं. "खौलता पानी है अंदर. मुँह पर आता." मग त्यानं त्यांना सावलीत बसवलं, स्वतःचा चहा पाजला, आणि इंजिन पुरतं गार होईपर्यंत तो तिथून हलला नाही. झाकण त्यानंच उघडलं. आत पाणी नव्हतंच म्हणायचं, शेवाळी रंगाचा चिखल होता. त्यानं आपल्याजवळचं पिण्याचं पाणी ओतलं आणि सांगितलं, "धीरे-धीरे जाओ. और पहले किसी समझदार को दिखाओ." भाऊरावांना त्याचं नावही विचारायचं सुचलं नाही.

ते पानिपतला पोचले तेव्हा साडेदहा वाजले होते. मुलं गेली असतील असं धरून ते जिना चढले. हॉलमध्ये एकवीसच्या एकवीस मुलं बसलेली होती, आणि त्यांच्यातलीच एक मुलगी फळ्यावर सरासरीची गणितं सोडवून दाखवत होती. भाऊरावांनी खडू हातात घेतला, पण त्या मुलीला म्हटलं, "ये वाला तुम ही पूरा करो."

दुसऱ्या दिवशी ते मेट्रोनं करोल बागेत गेले. गाड्यांच्या सामानाच्या गल्लीत एका अरुंद दुकानात पूर्वी नावाची तिशीतली बाई बसत असे. वडिलांच्या आजारपणात तिनं हे दुकान हातात घेतलं होतं. भाऊराव म्हणाले, "अच्छा वाला लाल कूलंट दे दो."

"अभी नहीं दूँगी," पूर्वी म्हणाली.

भाऊरावांना वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"पहले ये बताइए, अंदर कौन सा था और आपने क्या डाला?"

त्यांनी सगळं सांगितलं. मोबाइलवर काढलेला चिखलाचा फोटो दाखवला. पूर्वीनं कपाळावर हात मारला, पण हसली नाही. म्हणाली, "अंकल, रंग देखकर कूलंट नहीं लेते. रंग तो हर कंपनी अपनी मर्ज़ी से डालती है. अंदर का केमिकल देखना पड़ता है."

आयुष्यभर कव्हरचा रंग बघून फायलीची निकड ओळखणाऱ्या माणसाला हे ऐकून कसंतरीच झालं. पूर्वीनं त्यांना स्टुलावर बसवून नीट समजावलं. जुन्या पद्धतीचं कूलंट आणि लाँग लाइफ कूलंट यांची रसायनं वेगळी. ती एकत्र आली की गंज थांबवायची ताकद जाते आणि कधी कधी असा गाळ धरतो. वर बोअरवेलच्या पाण्याचे क्षार. "गाडी की किताब में लिखा होगा कौन सा चाहिए. वो देखकर आइए, और किसी मिस्त्री से सिस्टम दो बार धुलवाइए. उसके पहले कुछ भी डालोगे तो बेकार जाएगा."

घरी आल्यावर पुस्तकाची शोधाशोध सुरू झाली. भाऊरावांना ते सापडेना. त्यांच्या पत्नी रमाबाईंनी कपाटातून विम्याच्या कागदांखालचं पाकीट काढलं. "अहो, तुम्ही तेरा वर्षांत हे उघडलेलंच नाही. प्लास्टिक तसंच आहे." मग त्यांनीच भिंग घेऊन ते बारीक इंग्रजी वाचलं. सिलिकेट नसलेलं, लाँग लाइफ, डिस्टिल्ड पाण्यात निम्मंनिम्मं. भाऊरावांनी ते कागदावर उतरवून घेतलं आणि खाली सवयीनं तारीख टाकली.

मिस्त्रीनं सिस्टम तीनदा धुतली, तेव्हा कुठे पाणी स्वच्छ आलं. थर्मोस्टॅट बदलावा लागला. इंजिन मात्र बचावलं होतं. "एक-दो बार और ऐसे गरम होती, तो इंजन का हेड जाता," मिस्त्री म्हणाला.

मग दुकानात पूर्वीनं तो कागद वाचला, मागच्या फळीवरून आधीच पाणी मिसळलेला कॅन काढला आणि म्हणाली, "इसमें नल का पानी नहीं. बोअरवेल का तो बिल्कुल नहीं." कॅनमधलं कूलंट निळं होतं. भाऊरावांनी या खेपेला रंगाबद्दल चकार शब्द काढला नाही.

परीक्षेच्या रविवारी क्लास नव्हता, तरी ते पानिपतला गेले. मुलांची केंद्रं लांब लांब होती, आणि चौघींना घेऊन जाणारं कुणी नव्हतं. बाहेर बेचाळीस डिग्री. गाडीत चार मुली, एसी चालू, आणि काटा बरोबर मध्यावर. मागच्या सीटवर एकमेकींना पाढे विचारणं चाललं होतं.

जुलैत रमाबाईंना घेऊन भाऊराव करोल बागेत गेले. नागपूरहून आलेली संत्रा बर्फी त्यांनी पूर्वीसमोर ठेवली. "क्या हुआ अंकल? फिर गरम हुई?" तिनं घाबरून विचारलं.

"नाही," भाऊरावांच्या तोंडून मराठीच निघालं. मग हिंदीत म्हणाले, "थैंक यू बोलने आया हूँ. उस दिन तुमने बेचने से मना किया, इसलिए."

पूर्वीनं आत हाक मारून वडिलांना बोलावलं. काठी टेकत बाहेर आलेल्या त्या गृहस्थांनी बर्फीचा तुकडा तोंडात घातला आणि रमाबाईंना विचारलं, "संतरे की? घर में बनती है?"

रमाबाई स्टुलावर बसल्या आणि त्यांना कृती सांगू लागल्या.