आईची तिन्हीसांज

काचबिंदूने आईची नजर अर्धीअधिक नेली, तरी देवापुढचा दिवा तिलाच लावायचा असायचा, आणि तोही बरोबर तिन्हीसांजेला. डोंबिवलीत ती एकटी राहते. शेजारच्या काकूंना रोज दारातून विचारायची, "अगं, अंधार पडला का?" काकू प्रेमाने सांगायच्या, पण विचारावं लागतं याचाच आईला राग. "उद्या विचारेन, मी जेवले का गं?" असं ती फोनवर म्हणाली, तेव्हा मी निमूट कामाला लागले.

माझा धंदाच तो. माजिवड्याच्या ऑफिसात मी दिवसभर अशा चिपांशी झटते, ज्यांना एका छोट्या बटण-सेलवर महिनोन्‌महिने तग धरायचा असतो. त्यांच्या पोटात एक कम्पॅरेटर असतो. त्याला अक्कल एवढीच, की दोन व्होल्टेजांपैकी कुठलं जास्त ते सांगायचं. एक सेन्सरकडून येतं, उजेडाबरोबर कमी-जास्त होणारं. दुसरं मी ठरवून दिलेलं. बाकी चिप झोपलेली, हा एकटा जागा. उजेड ठरलेल्या पातळीखाली गेला की हा चिपला उठवतो, ती बझर वाजवते आणि पुन्हा झोपते.

तसलीच एक चिप, सेन्सर आणि बझर मी आईसाठी एका डबीत बसवलं. पहिल्यांदा मी शहाणीने ती डबी देव्हाऱ्यातच ठेवली. आईने दिवा लावला आणि डबीला वाटलं, उजाडलं. ज्योत जरा वाऱ्याने दबली की पुन्हा संध्याकाळ, पुन्हा बझर. आई वैतागली. "अगं, किती वेळा लावू दिवा? देवसुद्धा कंटाळले." मग डबी गॅलरीच्या ग्रिलला बांधली, आणि अंधार पडल्याची पातळी व उजाडल्याची पातळी यांत थोडं अंतर ठेवलं, म्हणजे जरासा ढग सरकला तरी तिचा गोंधळ नको.

अंधाराची पातळी मात्र आईने ठरवली. गॅलरीत खुर्ची टाकून, आकाशाकडे तोंड करून ती बसली आणि बऱ्याच वेळाने म्हणाली, "आत्ता." पातळी ठरवणारा डबीतला स्क्रू मी तिथेच थांबवला. रस्त्यावरचे दिवे नुकतेच लागत होते. त्यानंतर काकूंच्या दारात प्रश्न गेला नाही. उलट काकूच म्हणायला लागल्या की संध्याकाळी करमत नाही.

दिवाळीनंतरच्या एका रविवारी मी गेले, तर आईची तक्रार तयार होती. "तुझं यंत्र आळशी झालंय. काळोख होऊन किती वेळ झाला तरी गप्प." मी सेल तपासला, सेन्सरवरची धूळ पुसली, पातळी मोजली. सगळं होतं तसंच होतं. म्हटलं, "बरं, आज पुन्हा सांग."

ती खुर्चीत बसली. थोड्या वेळाने म्हणाली, "आत्ता."

समोरच्या इमारतीच्या टाकीवर अजून ऊन होतं.

स्क्रूड्रायव्हर हातातच होता. जरासा फिरवला असता तर यंत्र तिच्या मनासारखं वाजलं असतं आणि तिला काही कळलं नसतं. मी फिरवणारच होते.

"बिघडलंय का गं?" तिने विचारलं.

मला खोटं बोलवेना. "नाही गं, आई."

ती पदर सारखा करत म्हणाली, "मग हात नको लावूस त्याला. सगळ्यांच्या तिन्हीसांजेलाच लागू दे माझा दिवा."

मी तिच्या खुर्चीपाशी खाली बसले. टाकीवरचं ऊन उतरलं. खाली मुलं अजून क्रिकेट खेळत होती. तिच्याकडे अंधार कधीच पडला होता. तरी माझा हात धरून ती यंत्र वाजायची वाट बघत बसली.