खूण असलेलं दार

रिबेकाबाई आज सकाळी गेल्या. त्यांची एक गोष्ट अर्धी राहिली होती, आणि तेवढ्यावरून आमच्या अख्ख्या वस्तीतली माणसं आज बुडाली असती.

वाढवून सांगत नाहीये. वाचा.

बाई आम्हाला इतिहास शिकवायच्या. राहायला लोणावळ्याला. बेने इस्राएल, म्हणजे पिढ्यान् पिढ्या आपल्याकडे राहून मराठीच बोलणारे यहुदी. कडक इस्त्रीची साडी, त्याहून कडक आवाज. शनिवार मात्र त्यांचा पवित्र वार, त्या दिवशी घरची चूल पेटवायच्या नाहीत.

जुन्या संस्कृतींचा धडा त्यांनी एका प्रश्नात संपवला होता.

"सगळ्या नदीकाठी जन्मल्या, हे पुस्तकात आहे. पण सापडल्या कुठे?"

मग स्वतःच उत्तर दिलं.

"गाळाखाली."

त्या दिवशी घरी जाताना मी नदीकडे बघितलंच नाही. आमची ठाकरवस्ती परंदवडीच्या खालच्या अंगाला, पवनेच्या अगदी काठावर.

पोरं शाळेला दांडी मारायला लागली की बाई थेट वस्तीवर यायच्या. सोनामावशीच्या ओट्यावर बसायच्या. आई गेल्यावर मला वाढवलं ते या मावशीनं.

तिथंच एकदा त्यांनी त्यांच्या पूर्वजांची गोष्ट सांगितली. इजिप्तमध्ये गुलाम होते. नदीकाठचा चिखल तुडवून राजासाठी विटा पाडायचे.

मावशीची अर्धी हयात वीटभट्टीवर गेलेली. ती एकदम पुढं सरकली.

"म्हंजी आमीच की वो बाई!"

मग बाई म्हणाल्या, एका रात्री मरण घरोघर फिरणार होतं. ज्यांनी कोकराच्या रक्तानं दाराला खूण केली, त्यांची घरं ते ओलांडून गेलं. "माझे वडीलसुद्धा सणाला हाताचा ठसा कागदावर उठवून दारावर लावायचे."

एवढ्यात रस्त्यावर शेवटच्या जीपनं हॉर्न मारला.

"उरलेलं पुढच्या खेपेला," म्हणत बाई पळाल्या. पुढची खेप झालीच नाही, त्यांची बदली झाली.

पण वस्तीला तेवढी गोष्ट पुरली.

पावसाळ्याच्या तोंडावर प्रत्येक दारावर गेरूचा पंजा उठायला लागला. पाणी उंबऱ्याशी यायचं आणि माघारी जायचं. मग काय, कुणाची बिशाद होती पंजाला नावं ठेवायची!

अलीकडे समोरच्या काठावर कुणीतरी बंगल्यांसाठी भराव टाकला. ट्रकवर ट्रक माती. नदी अर्धी झाली. यंदा कुठल्याशा खात्याची माणसं आली आणि वस्तीच्या भिंतींवर लाल रंगाची रेघ मारून गेली.

मावशीनं मला कौतुकानं फोन केला.

"सुमे, औंदा सरकारनं बी खूण केली बघ. आता दोन दोन झाल्या. लय बेस झालं."

ती पूररेषा होती. पाणी कुठवर चढू शकतं, त्याची रेघ. माझ्या खांद्याच्या वर.

मी समजावून थकले. ती म्हणायची, "बाईंपरीस तुला जास्त कळतं व्हय?"

कालच बाईंना भेटायला लोणावळ्याला गेले. खूप खंगल्या होत्या. त्यांना हसवावं म्हणून हे सांगितलं.

बाई हसल्या नाहीत. उशीचा आधार घेत उठून बसल्या.

"मी गोष्ट कुठे थांबवली होती?"

"दारावरच्या खुणेपाशी."

"म्हणजे ते निघाले, हे सांगितलंच नाही मी." त्यांचा चेहरा बघवत नव्हता. "अगं, कंबर बांधून, वहाणा घालून, उभ्यानं जेवले ते त्या रात्री. आणि निघाले. खूण घरात राहण्यासाठी नव्हतीच. मी येते वस्तीवर."

येण्याची ताकद कुठे होती? उरलेली गोष्ट शेवटपर्यंत सांगून मला म्हणाल्या, "मग तू सांग. माझ्या नावानं सांग."

आज दुपारी त्यांचं दफन झालं. ओली माती मुठीत घेतली तर हाताला चिकटून बसली. मला तो वर्ग आठवला. तिथंच व्हॉट्सअॅपवर मेसेज आला, धरणातून जास्तीचं पाणी सोडणार.

हातसुद्धा न धुता वस्तीवर पोचले. पाणी ओट्याला लागलेलं, आणि मावशी आत निवांत पीठ मळत बसलेली.

"ऊठ मावशी. पाणी सोडत्यात."

"सोडू दे की. खूण हाय."

"बाई गेल्या, मावशी."

तिचे हात थांबले.

"गोष्टीतलं उरलेलं सांगून गेल्यात. खूण केलेली माणसं घरात ऱ्हायली न्हाईत. त्याच राती निघाली."

"समदी?"

"समदी. म्हातारीकोतारी, शेरडंकरडं घिऊन."

"आन् घरं?"

"घरं तितंच ऱ्हायली."

मावशीनं दारावरच्या पंजाकडं बघितलं. मला वाटलं, आता ही हलत नाही.

"बरं. एवढ्या भाकऱ्या थापते, मग निघू."

"त्यांनी पीठ सुदिक भाजलं न्हाई. तसंच खांद्यावर टाकून निघाली."

मावशी ताडकन उठली. पिठाची परात काखेत मारली.

"आसं पयलं न्हाई का सांगायचं!"

सोनामावशी परात घेऊन निघाली म्हटल्यावर दारं उघडायला लागली. एकेक करत सगळे बाहेर आले.

आत्ता आम्ही वरच्या शाळेच्या व्हरांड्यात आहोत. मावशीनं तीन दगड मांडून भाकऱ्या भाजल्या. बसायला जागा नाही, सगळे उभ्यानंच खातायत.

इथून वस्ती दिसते. पाणी अजून चढतंय. गेरूचे पंजे एकामागून एक पाण्याखाली चाललेत.

"त्यो माझा गेला," मावशी आत्ता म्हणाली.

मला भीती वाटतेय. उद्या तिथं काय उरेल ते कळत नाही. पण माणसं सगळी इथं आहेत, बाई.

आता तुमची जीप खुशाल सुटू दे. गोष्ट पुरी झाली.

तुमची,
सुमन