पाठीमागे उभा राहणारा

भित्रेबुवा हे काही त्याचं आडनाव नव्हे. वीजसाठ्याच्या केंद्रातल्या लोकांनी ते त्याला चिकटवलं आणि त्यानेही ते मुकाट्याने चिकटू दिलं. रबरी हातमोजे घालण्याआधी तो त्यांत हवा कोंडून ते कानाशी धरायचा, कुठून हवा सुटते का ते ऐकायला. मीटर वापरण्याआधी तपासायचा, वापरून झाल्यावर पुन्हा तपासायचा. "भित्यापाठी ब्रह्मराक्षस," असं कोणी चिडवलं की म्हणायचा, "असू दे. शिर सलामत तर पगडी पचास." त्याला खरोखरच भीती वाटायची आणि ते कबूल करायला लाज वाटत नसे. लाज नसलेली भीती फार थोड्यांकडे असते.

केंद्राचं दालन लांबलचक, बिनखिडक्यांचं. दोन्ही बाजूंना छतापर्यंत लोखंडी कप्प्यांच्या रांगा. प्रत्येक कप्प्यात बॅटऱ्यांचा एक संच आणि त्याला हवं तेव्हा जोडणारे-तोडणारे स्विच. एकामागून एक कप्पे जोडत गेलं की जिना चढावा तसा विजेचा दाब वाढतो, सोडत गेलं की उतरतो, आणि त्या चढउतारातून गावाला लागते तशी वीज तयार होते. एखादा कप्पा बिघडला तर यंत्रणा त्याला वगळते आणि बाकीचे त्याचं ओझं वाहतात. मग सवडीने ती रांग बंद करून तो कप्पा बदलायचा. एवढंच भित्रेबुवाचं काम, पण त्यात जीव टांगलेला.

म्हणून नियम असा की हात घालणारा एक आणि पाठीमागे उभा राहणारा दुसरा. दुसऱ्याने हातात वीज न वाहणारा, टोकाला वाकडा आकडा असलेला फायबरचा दांडा धरून नुसतं बघत राहायचं. समोरचा विजेला चिकटला तर त्याला ओढून काढायचं.

बायकोचा धाकटा भाऊ त्याच्या हाताखाली आला तेव्हा बायको म्हणाली होती, "एकुलता एक भाऊ आहे माझा. आणि त्याचं तुम्हाला माहीतच आहे." माहीत होतंच. आलं अंगावर तर घेतलं शिंगावर, असा हा मेहुणा. त्याच्या जुन्या केंद्रात बॅटऱ्यांऐवजी कपॅसिटर होते. रांग बंद केली की ते थोड्या वेळात आपोआप रिकामे व्हायचे. कप्प्याच्या बाहेरच्या दोन टोकांना मीटर लावायचं, शून्य दिसलं की मोजे काढून बारीक स्क्रू खोलायला बसायचं. इतकी वर्षं तिथे त्याचं काही बिघडलं नव्हतं, हीच खरी अडचण होती.

त्या दुपारी भित्रेबुवा दांडा घ्यायला भिंतीपर्यंत गेला आणि वळला, तेवढ्यात मेहुण्याने बिघडलेल्या कप्प्याचं झाकण काढून उजवा हात कोपरापर्यंत आत घातलेला होता. मोजे कमरेला लटकत होते.

"मेलाय हा, भाऊजी. शून्य दाखवतंय," तो आत बघतच म्हणाला.

भित्रेबुवाची नजर आतल्या लाल खुंटीवर गेली. ती जागच्या जागी होती. ती उपसल्याशिवाय बॅटरीची जोडणी तुटत नाही, आणि कितीही थांबलं तरी बॅटरी रिकामी होत नाही. कप्पा वगळताना यंत्रणेने त्याची बाहेरची दोन्ही टोकं एकमेकांना जोडून टाकली होती. आत विजेचा पूर असता तरी तिथे मीटरने शून्यच दाखवलं असतं. आणि मेहुण्याच्या कोपराखाली, बोटभर अंतरावर, तांब्याची उघडी पट्टी होती.

त्याची पाचावर धारण बसली. ओरडावं तर पोरगा दचकणार आणि कोपर पट्टीवर टेकणार. आकड्याने ओढावं तर हात पट्टीवरूनच घासत येणार. बायकोला काय सांगायचं, हेही त्या क्षणी त्याच्या मनात येऊन गेलं. ते आलं याचा त्याला राग आला.

"ताईला फोन केलास का रे?" त्याने विचारलं. आवाज चहा मागावा इतका साधा निघाला.

"कशाला?"

"रविवारी जेवायला येतोस का, विचारत होती."

"येतो म्हणावं."

"तूच सांग बाबा, माझं ऐकत नाही ती. हात काढ आधी. वर उचलून सरळ मागे घे, खाली पत्र्याला धार आहे, बाही फाटेल."

मेहुणा पुटपुटला, पण बाही नवी होती. हात वर झाला, सरळ मागे आला, बाहेर आला.

मग भित्रेबुवाने मोजे चढवले आणि मीटरची टोकं आतल्या बॅटरीच्या दोन टोकांना लावली. मीटरवर भरलेल्या बॅटरीचा आकडा उमटला, तो मेहुण्याने वाकून पुन्हा वाचला.

"शून्य होतं," तो म्हणाला.

"बाहेर शून्य होतं."

"मग ओरडला का नाहीत?"

"दचकला असतास."

भित्रेबुवाने नियंत्रण कक्षातल्या बाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "दुसरा माणूस आज नाही माझ्याकडे. समोरच्या रांगेतलाही एक कप्पा आचके देतोय. ही रांग बंद असताना तीही पडली तर इस्पितळ अंधारात जाईल. मी सक्ती करत नाही."

सक्ती केली असती तर त्याला नाही म्हणता आलं असतं. त्याने खुंटी उपसली, आत मोजलं, मीटर पुन्हा तपासलं. या कप्प्यातली पट्टी आता खरोखर मेलेली होती, पण डावी-उजवीकडच्या भरलेल्या कप्प्यांच्या पट्ट्या हाताजवळच होत्या आणि स्क्रू मोज्यांनी धरता येत नव्हते. त्याने मोजे काढले.

पाठीमागे मेहुण्याने दांडा घेतला. दांड्याचा आकडा कप्प्याच्या लोखंडावर टकटक वाजत होता. भित्रेबुवाला कळून चुकलं की आज पाठीमागे तो धीट मेहुणा नव्हता, घाबरलेला माणूस होता. आणि घाबरलेला माणूस ओरडतो.

"माझ्याशी बोलत राहा," तो हळूच म्हणाला. "काहीही बोल. फक्त आवाज चढवू नको."

त्याने हात आत सरकवला. मनगट गेलं, मग कोपर.

"काय बोलू, भाऊजी?" मेहुण्याने विचारलं, आणि त्याचा आवाज चढला.