आवाज आधी, ओठ मागून

माझं काम ऐकायला फालतू वाटतं. मराठीत डब केलेला व्हिडिओ बघायचा आणि ओठ नि आवाज जुळतात का ते सांगायचं. प, ब, म आला की ओठ मिटलेच पाहिजेत. परक्या तोंडावर मराठी शब्द बसवताना लिहिणारा इथेच मार खातो आणि मी इथेच पकडते. लोअर परळच्या स्टुडिओत वीस वर्षं हेच केलं. दोन फ्रेम इकडेतिकडे झाल्या तरी मला खटकायचं. लोक माझ्या डोळ्याला टरकून असायचे, आणि मला त्याचा माज होता. का नसावा?

मग कंपनीने अर्धी जागा सोडली आणि आम्हाला घरी बसवलं. फाइल बाहेर जाता कामा नये, म्हणून ती कुठल्याशा सर्व्हरवरच्या व्हर्च्युअल मशीनमध्ये. म्हणजे कॉम्प्युटर तिकडे, मी लालबागला चाळीतल्या खोलीत, आणि मधे रिमोट डेस्कटॉप. ईमेल, रिपोर्ट सगळं झकास चालायचं. व्हिडिओ लावला की मेलंच! चित्र अडखळायचं, फ्रेम गळायच्या, आवाज पुढे निघून जायचा. सासूबाई मालवणच्या. भाजी निवडता निवडता स्क्रीनकडे बघून म्हणाल्या, "गो, आवाज आधी इलो, तोंड मागसून हलता!" त्यांना कळलं, पण कंपनीला कळेना.

हेल्पडेस्कवाल्याला फोन करकरून माझा घसा बसला.

"मॅडम, त्या मशीनला ग्राफिक्स कार्डच नाही. व्हिडिओ तिथे चालतो आणि त्याची चित्रं तुमच्याकडे येतात. स्मूद कसा दिसणार?"

"मग कार्ड लावा ना!"

"मंजुरी नाही."

"बरं, फाइल माझ्या मशीनवर चालवू द्या."

"सिक्युरिटी, मॅडम. थोडं ॲडजस्ट करा ना."

ॲडजस्ट! दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसं राहतो, मला शिकवतोय ॲडजस्ट करायला. तरी त्याने सांगितलं तसं विंडो लहान केली, रंग कमी केले. माणसाचं तोंड चण्याएवढं दिसायला लागलं, पण उशीर होता तेवढाच राहिला.

पहिल्या महिन्यात मी धडाधड चांगल्या फाइली नापास केल्या. वरून तंबी आली: नसलेल्या चुका काढू नका, पुन्हा झालं तर विचार करावा लागेल. माझं धाबं दणाणलं. सेहेचाळिसाव्या वर्षी ओठ बघणाऱ्या बाईला दुसरीकडे कोण विचारतो? मग मीच एक युक्ती काढली. आवाज आला की मनात 'एक' म्हणायचं आणि मगच ओठ बघायचे. जमलं! महिनोन्‌महिने सगळं सुरळीत चाललं. कुणाची तक्रार नाही. मी स्वतःवर खूश होते, मूर्खासारखी.

मग एक फाइल परत आली. मी पास केलेली. तिच्यात चित्र खरोखरच आवाजाच्या मागे होतं, सुरुवातीपासून शेवटपर्यंत. मला ऑफिसात बोलावलं. वाटेत मी भांडणाची पूर्ण तयारी केली. कार्डाचं सांगणार होते, सगळे फोन मोजून दाखवणार होते.

आमची आताची मॅडम म्हणजे पूर्वी माझ्याच हाताखाली असलेली, मी शिकवलेली मुलगी. तिने आवाज चढवला नाही. "ताई, तुमच्या नेटचा दोष असणार, मला माहितेय," ती म्हणाली. "मी वर तसंच सांगते. फक्त इथल्या मशीनवर एकदा बघा आणि किती फ्रेमचा फरक आहे ते लिहून द्या. तुमचा डोळा सगळ्यांना माहितेय." मला रडूच यायला लागलं. नोकरी वाचत होती.

तिने फाइल लावली. मोठा स्क्रीन, चित्र कुठे अडकत नाही, गळत नाही. मी बघितलं. आवाज आला, मनात आपोआप 'एक' झालं, ओठ हलले. परत लावायला सांगितलं. खुर्ची पुढे ओढून तिसऱ्यांदा बघितलं. ती पेन घेऊन थांबली होती.

"अगं, जुळतंय की," मी म्हटलं. मला खरंच जुळलेलं दिसत होतं.