जुहूच्या शर्यतीत न धावलेली गाडी

माझ्या थोरल्या भावाला शर्यतीतून काढून टाकल्याचं पत्र मी माझ्या हातानं टाइप केलं होतं. ही गोष्ट मी नवऱ्याला सांगितली नाही, मुलींना सांगितली नाही. आता आई नाही, भाऊही नाही. ज्यांना त्रास झाला असता ते गेले, म्हणून लिहिते आहे.

पन्नासच्या दशकाची अखेर होती. आम्ही अंधेरीच्या पश्चिमेला एका गावठाणात राहत होतो. गाव आमच्या ख्रिस्ती लोकांचं, भातशेतीचं. मी नऊ वर्षांची असताना वडील गेले. भाऊ तेव्हा सोळा वर्षांचा होता. त्यानं शाळा सोडली आणि स्टेशनजवळच्या एका मोटार गॅरेजात कामाला लागला. मला मॅट्रिकपर्यंत त्यानंच शिकवलं, टायपिंगच्या क्लासलाही त्यानंच घातलं. आई म्हणत होती, मुलीला शिवणकाम आलं की पुरे. त्यावर तो म्हणाला, शिवणाचं मशीन घरात आहे, ती कधीही शिकेल. ऑफिसातलं मशीन घरी कोण आणून देणार?

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराच्या मोडीत निघालेल्या गाड्यांचे सुटे भाग बाजारात येत. ते जमवून त्यानं घरामागच्या पडवीत एक गाडी बांधली. सांगाडा जीपचा, इंजिन दुसऱ्याच कुठल्या गाडीचं, वरचा पत्रा त्यानं स्वतः ठोकून वाकवलेला. तीन वर्षं लागली. चाकं दोन्ही बाजूंना फाकलेली दिसत, म्हणून गावात तिला सगळे खेकडा म्हणत. तोही म्हणायचा.

मोठी विमानं सांताक्रूझला गेल्यावर जुहूचं विमानतळ बरंचसं मोकळं असायचं. थंडीच्या दिवसांत तिथल्या धावपट्टीवर ड्रम आणि गवताच्या पेंढ्या लावून मोटारींच्या शर्यती होत. श्रीमंतांचा खेळ तो. पण घरी बांधलेल्या गाड्यांनाही त्यात एक गट असायचा. एका वर्षी भाऊ खेकडा घेऊन उतरला आणि त्या गटात तिसरा आला. त्या ओळखीवरच त्यानं शर्यती भरवणाऱ्या संस्थेच्या सेक्रेटरींना माझ्याबद्दल विचारलं. मला तिथं टायपिस्टची नोकरी लागली.

सेक्रेटरी मराठीच होते, सैन्यातून निवृत्त झालेले. जुहूला त्यांच्या बंगल्याच्या आवारात दोन खोल्यांचं ऑफिस होतं. माणूस वाईट नव्हता. माझ्याशी कधी आवाज चढवून बोलले नाहीत, मला नेहमी तुम्ही म्हणत.

पुढच्या वर्षी संस्थेनं ठरवलं की शर्यत आंतरराष्ट्रीय करायची. बाहेरच्या देशांतून चार ड्रायव्हर बोलवायचे. तोवर मला वाटायचं, शर्यत म्हणजे गाड्या आणि धावपट्टी. त्या वर्षी कळलं की शर्यत म्हणजे पत्रं. परदेशी गाड्या महिनाभरासाठी जकातीशिवाय देशात आणायच्या, त्यासाठी दिल्लीला पत्रं. विमानतळ तीन दिवस बंद ठेवायचं, त्यासाठी पत्रं. पोलिसांना, पेट्रोलवाल्यांना, टायरवाल्यांना, सगळ्यांना पत्रं. मी दिवसभर टाइप करत होते.

दिल्लीहून एकदा विचारणा आली, या शर्यतीचा देशाला उपयोग काय? देशात परदेशी चलनाची चणचण, आणि हे लोक मोटारी उडवणार. सेक्रेटरी दोन दिवस विचार करत होते. मग त्यांनी मला मजकूर सांगितला. अशा शर्यतींमुळे देशी कारागिरांना वाव मिळतो. अंधेरीच्या एका साध्या मेकॅनिकनं भंगारातून शर्यतीची गाडी उभी केली आहे, तो परदेशी ड्रायव्हरांच्या बरोबरीनं धावणार आहे. सोबत खेकड्याचा फोटो जोडला. फोटोत भाऊ बाजूला उभा होता, हाताला ग्रीस तसंच. ती फाइल गेली आणि परवानगी आली. सेक्रेटरी मला म्हणाले, तुमच्या भावानं काम केलं. मी घरी जाऊन सांगितलं. तो लाजला आणि पडवीत निघून गेला.

मग जागेचा प्रश्न आला. एवढी माणसं, एवढ्या मोटारी येणार, त्या उभ्या कुठं करायच्या? विमानतळाला लागून आमच्या गावाची शेतं होती. कापणी झालेली, मोकळी. सेक्रेटरींनी भावाला बोलावून घेतलं. गावानं शेतं तीन दिवस द्यावीत, बांध मोडले तर संस्था बांधून देईल, असं ते म्हणाले. गावकरी सहजासहजी ऐकणारे नव्हते. लढाईच्या वेळी सांताक्रूझच्या विमानतळासाठी जमिनी गेल्या होत्या, आमच्या नात्यातल्याही. सरकारी शिक्का असलेला कागद दिसला की गावातले म्हातारे अजून दचकत. रविवारी मिस्सा सुटल्यावर भाऊ क्रुसाजवळ उभा राहून बोलला. एरवी चार माणसांत तोंड न उघडणारा तो. त्यानं एवढंच सांगितलं की आपल्या गावची गाडी धावणार आहे, आणि मी शब्द देतो. गावानं शेतं दिली.

शर्यतीच्या दोन आठवडे आधी सेक्रेटरींनी मला एका पत्राचा मजकूर सांगितला. सुरुवातीला ते थोडे अडखळले. आपली गाडी आंतरराष्ट्रीय नियमांत बसत नसल्यामुळे आपला प्रवेश रद्द करण्यात येत आहे, खेद आहे, वगैरे. घरी बांधलेल्या गाड्यांचा गटच त्या वर्षी ठेवला नव्हता. पत्ता सांगताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. तो आमच्या घरचा पत्ता होता.

पत्रं पोस्टात टाकणं माझंच काम होतं. मी जावक रजिस्टरात नोंद केली, पाकिटावर तिकीट लावलं आणि पाकीट पर्समध्ये ठेवलं. पोस्टाच्या पेटीवरून गेले, पण टाकलं नाही. मला वाटलं, उद्या साहेबांशी बोलेन, ते ऐकतील. दुसऱ्या दिवशी ते गाड्यांच्या जकातीच्या कामाला दिल्लीला गेले. परत यायला दहा दिवस लागले.

ते आल्यावर मी विचारलं. त्यांनी दार लोटून घेतलं आणि खरं ते सांगितलं. मोठ्या देणगीदारांच्या घरच्या दोघांना जागा द्यायची होती. शिवाय मंत्री येणार, परदेशी वार्ताहर येणार.

"तुमचा भाऊ मागं पडला तर हसं होईल," ते म्हणाले. "आणि पुढं गेला तर जास्त पंचाईत. ज्यांनी पैसा लावलाय त्यांची मुलं एका मेकॅनिकच्या मागं आलेली त्यांना चालणार नाहीत. पुढच्या वर्षी कुणी उभं करणार नाही आपल्याला. मी भांडलो होतो, खरंच."

मग त्यांनी विचारलं, घरी काय म्हणाला तो? मी म्हटलं, काही नाही. हे खोटंही नव्हतं.

शर्यतीला तीन दिवस राहिले होते. घरी मी रोज ठरवायचे, आज सांगायचं. पण भाऊ खेकड्याला रंग देत बसलेला असायचा. गॅरेजातून त्यानं आठ दिवसांची रजा काढली होती. आईनं पेटीतलं लाल लुगडं काढून उन्हात टाकलं होतं. ते लुगडं तिनं वडील गेल्यावर नेसलं नव्हतं; भावानंच हट्ट धरला होता. तो जेवताना वळणांबद्दल बोलायचा, कुठं गियर टाकायचा, कुठं पाय उचलायचा. आईला त्यातलं काही कळत नव्हतं, तरी ती मान हलवायची. मीही हलवायचे.

आदल्या दिवशी सकाळी हँगरपाशी गाड्यांची तपासणी होती. ड्रायव्हरांच्या घरची माणसं आली होती. भाऊ आईला शेजारी बसवून खेकडा घेऊन आला. मी टेबलाशी यादी घेऊन बसले होते. रांग पुढं सरकत होती. तपासणाऱ्यानं यादी वरून खाली पाहिली, पुन्हा पाहिली, आणि म्हणाला की हे नाव नाही. भावानं सांगितलं, असेलच, नीट बघा. मागं रांगेतल्या कुणीतरी हॉर्न वाजवला. सेक्रेटरी धावत आले. ते म्हणाले, तुम्हाला दोन आठवड्यांपूर्वी पत्र पाठवलंय.

"मला नाही मिळालं, साहेब," भाऊ म्हणाला.

सेक्रेटरींनी मला जावक रजिस्टर आणायला सांगितलं. मी आणलं. त्यांनी नोंदीवर बोट ठेवून ते भावापुढं धरलं. अक्षर माझं होतं. भावानं ती ओळ वाचली. मग माझ्याकडे पाहिलं. फार वेळ नाही. त्याला सगळं कळलं हे मला कळलं. मी खाली बघत राहिले. त्या क्षणी मी तोंड उघडलं असतं तर माझी नोकरी गेली असती, एवढंच. तरी नाही उघडलं.

"पोस्टात गहाळ झालं असेल, साहेब," तो म्हणाला.

त्यानं गाडी रांगेतून बाहेर काढली. आई लाल लुगड्यात त्याच्या शेजारी ताठ बसली होती. तिला वाटत होतं तपासणी झाली. जाताना तिनं मला हात केला.

संध्याकाळी मी घरी गेले आणि पाकीट त्याच्या हातात दिलं. तो पडवीच्या पायरीवर बसला होता. त्यानं पत्र पूर्ण वाचलं. मी रडत काहीबाही सांगत होते, साहेब दिल्लीला गेले होते, मी बोलणार होते. तो ऐकत होता. सगळं सांगून झाल्यावर म्हणाला:

"एक दिवस आधी सांगितलं असतंस बाय, तर मी आईला तिथं नेलं नसतं."

मग त्यानं पत्राची घडी घालून ते पाकिटात परत ठेवलं.

थोड्या वेळानं गावातले सात-आठ पुरुष आले. बातमी पोचली होती. ते चिडलेले होते. उद्या शेतांच्या वाटेवर बैलगाड्या आडव्या घालतो, बघू कुणाच्या मोटारी येतात, असं म्हणत होते. माझ्या मनात आलं, घाला, सगळं बंद पडू दे. भाऊ उठून उभा राहिला. म्हणाला, शब्द मी दिलाय. त्यांनी त्यांचा नाही पाळला, पण मी माझा पाळणार. म्हातारे त्याच्याशी वाद घालत राहिले. शेवटी त्याच्यासाठीच म्हणून ते मागं हटले.

दुसऱ्या दिवशी तो शेतात उभा राहून मोटारी लावून घेत होता. मळक्या खाकी पँटीत, हातात लाल फडकं. लोक मोटारीतून उतरून त्याच्याकडे न पाहता धावपट्टीकडे जात होते. मी वेळ मोजणाऱ्यांच्या शेजारी टाइपरायटर घेऊन बसले होते. गाड्यांचा आवाज इतका होता की माझ्याच कळांचा आवाज मला ऐकू येत नव्हता. एक परदेशी ड्रायव्हर जिंकला. देणगीदारांच्या मुलांपैकी एकाची गाडी पाचव्या फेरीतच बंद पडली. त्याला कुणी हसलं नाही.

बक्षिसं देताना मंत्री बोलले. त्यांच्या भाषणासाठी मुद्दे आमच्याच ऑफिसातून गेले होते, दिल्लीच्या त्या पत्रावरून उतरवलेले. ते मी टाइप केले होते आणि विसरले होते. लाउडस्पीकर सगळीकडे लावलेले होते, शेतांच्या कडेलाही. मंत्री म्हणाले की मला या खेळात श्रीमंती दिसत नाही, मला अंधेरीचा तो मेकॅनिक दिसतो, ज्यानं भंगारातून शर्यतीची गाडी बांधली. असे कारागीर हेच उद्याच्या देशाचं भांडवल आहे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी उठून शेतांच्या बाजूला पाहिलं. इतक्या लांबून माणसाचा चेहरा दिसत नाही. तो एका मोटारीला मागं घ्यायला वाट करून देत होता आणि त्याचा फडकं धरलेला हात हलत होता, टाळ्या संपेपर्यंत.

मोटारींनी शेतांचे बांध तुडवले. संस्थेचं कुणी ते बांधायला आलं नाही. सेक्रेटरी दर आठवड्याला म्हणत, बघू. गावातले लोक भावाशी कमी बोलू लागले. तो सुट्टीच्या दिवशी मिस्सा झाली की फावडं घेऊन शेतांत जायचा आणि एकेकाचा बांध घालून द्यायचा. एप्रिलपर्यंत हे चाललं. मी दोन-तीनदा मदतीला गेले. त्यानं मला नको म्हटलं नाही, माती भरलेली टोपली माझ्या डोक्यावर द्यायचा. मी नोकरीही लगेच सोडली नाही. सहा महिने तिथंच टाइप करत राहिले, कारण घरात दुसरा पगार फक्त त्याचा होता आणि तो जाण्याच्या तयारीत होता.

आखातातल्या एका तेल कंपनीला मेकॅनिक हवे होते. त्यानं अर्ज केला. जाण्याआधी खेकडा सुटा सुटा करून टाकला. इंजिन एका वाडीवाल्याला विहिरीच्या पंपाला दिलं. आई म्हणाली, राहू दे रे, परत आलास की चालवशील. तो म्हणाला, पडवीत जागा अडते.

तो बोटीनं गेला आणि नंतर फक्त रजेवर येत राहिला. माझ्या लग्नाला आला, आईच्या दफनाला आला. माझ्या मुलींना त्यानं कडेवर घेऊन समुद्र दाखवला. माझ्याशी तो कधी तुटक वागला नाही, कधी टोमणा मारला नाही. पाव्हण्यांशी वागावं इतकं नीट वागायचा. पूर्वी तो माझी वेणी ओढायचा, माझ्या ताटातला मासा उचलायचा, मूर्ख म्हणायचा. ते सगळं थांबलं. एकदा चर्चमधून परतताना मी म्हटलं, त्या पत्राचं मला तुझ्याशी बोलायचंय. त्यानं पावलं जराशी हळू केली. मग विचारलं, धाकटीला यंदा कितवीत घातलंस? मी सांगितलं. आम्ही घरापर्यंत शाळेबद्दल बोलत आलो.

पंचेचाळिशी गाठायच्या आत तो तिकडंच वारला, छातीत कळ येऊन. दफन तिथंच झालं. त्याच्याबरोबर काम करणारा एक मंगळूरचा माणूस त्याची ट्रंक घेऊन आमच्याकडे आला. मी चहा केला. तो भावाबद्दल भरभरून बोलत होता. कंपनीतल्या कुठल्याही गाडीचं दुखणं तो नुसत्या आवाजावरून सांगायचा म्हणे. मी विचारलं, तो कधी शर्यतीबद्दल बोलला होता का?

"कसली शर्यत?" त्यानं विचारलं.

मग मीच त्याला सांगत बसले. गाडी कशी बांधली ते, तिसरा नंबर आला ते. त्याच्या पुढचं मी सांगितलं नाही.